कोरड्या धरणातली शिडं

"आधी धरणातलं पाणी गेलं, आता ही पण चालली गो."

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आमच्या वाडीतल्या सुमनकाकी शेजारच्या बाईला सांगत होत्या. मला ऐकू जावं म्हणून नव्हे, त्यांचा आवाजच तसा आहे. पप्पा माझी बॅग गाडीत चढवत होते. त्यांची सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस चुकून चालणार नव्हतं, म्हणून माझी गाडी सुटण्याआधीच ते निघाले. जाताना म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि माणसांशी बोलत जा जरा." आईने डबा खिडकीतून आत दिला आणि पदराने खिडकीची काच पुसत राहिली. काच बाहेरून स्वच्छच होती.

काकींना द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: पाणी गेलं म्हणूनच चाललेय. ते ओठांपर्यंत येईतो गाडी महाडच्या रस्त्याला लागली होती.

माझं नेहमी असंच. "हिच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते," आई म्हणायची. महाडच्या इंग्लिश मीडियम शाळेत मी पेपरात सगळं लिहायचे, वर्गात हात वर करायचे नाही. वाडीत तोंड उघडलं की पोरं "आली इंग्लिशवाली" म्हणायची. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं.

आमचं धरण म्हणजे डोंगराच्या कुशीतला छोटा मातीचा बांध. शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, कालवे कधी झालेच नाहीत. पाणी मात्र होतं. नेव्हीतून रिटायर होऊन आलेले सकपाळ सर एका पावसाळ्यानंतर टेम्पोतून मुंबईच्या टाकून दिलेल्या छोट्या शिडाच्या बोटी घेऊन आले. एका मुलाने चालवायची, आखूड, चौकोनी नाकाची बोट. "सर, आंघोळीचा हौद आणलात काय?" असं सगळ्या वाडीने विचारून घेतलं. सरांनी भेगा बुजवल्या, एमआयडीसीतून आलेली निळी पिंपं धुऊन नारिंगी रंगवली आणि पाण्यात नांगरून ठेवली. त्या पिंपांना वळसे घालून शर्यत. सर बांधावर उभे राहून थाळी वाजवायचे, ती सुटण्याची खूण. दुपारी सावित्री नदीच्या अंगाने वारा चढायचा आणि खिंडीतून एकदम खाली पडायचा. बांधावर बसलेली माणसं ओरडायची, "उलटला रे, सकपाळाचा हौद उलटला!"

या खेळात एक नियम आहे. वारा जिच्या उजव्या अंगाने येतो त्या बोटीचा हक्क पहिला. पण समोरच्याला शिडाआडून आपण दिसत नाही, म्हणून उजव्या बाजूचं इंग्रजी नाव मोठ्याने ओरडायचं: "स्टारबोर्ड!" मग त्याने वळायचं. मी बोट चांगली चालवायचे. वारा कुठून येणार हे पाण्यावरच्या सुरकुत्यांवरून मला आधी कळायचं. ओरडणं तेवढं जमायचं नाही. हक्क माझा असताना मीच वळायचे आणि मागे पडायचे.

सर रागवायचे नाहीत. बोट काठाला लागली की म्हणायचे, "मनातल्या मनात वरडून समोरची बोट वळत नाय गो."

माझी चुलत बहीण सानिका, म्हणजे सानू, आमच्यात सगळ्यात लहान. तिचा आवाज मात्र डोंगरावर आपटून परत यायचा. पहिल्याच हिवाळ्यात तिने मोठ्या पोरांना हरवलं. थाळी सरांच्या हातातून घेऊन वाडीभर वाजवत फिरली.

मी बारावीत असताना पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी पाझरताना दिसलं. खालच्या वाडीतली माणसं घरं सोडून शाळेत राहिली. दरडींचा आमचा मुलूख, कोणी कोणाला समजावायची गरज नव्हती. अधिकारी आले, धरणाचं दार उघडलं, पाणी सोडून दिलं. दुरुस्ती झाली की परत भरू, म्हणाले. मी वाट पाहिली नाही. एका स्पर्धेत मला पाहिलेल्या प्रशिक्षकांनी भोपाळच्या क्लबात मुलांना शिकवायला मदतनीस म्हणून बोलावलं होतं, मी गेले.

इथे तलावाला दुसरा काठ दिसत नाही. रविवारी शर्यती असतात, पांढरी शिडं मोजता येत नाहीत, आईवडील छत्र्या आणि थर्मास घेऊन बसतात. मी मोटारबोटीतून मुलांच्या मागे फिरते. गळ्यात शिट्टी आहे, त्यामुळे ओरडावं लागत नाही. रूमवर येऊन पोहे करते, ते आईसारखे होत नाहीत, आणि आता आईसारखे कसे होते तेही नीट आठवत नाही. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपके गाँव में भी तालाब है?" मी "है" म्हटलं. तिने पुढचं विचारण्याआधी शिट्टी वाजवली.

सानू दर आठवड्याला फोन करायची. "ताई, यंदा भरणार म्हणतायत." प्रत्येक पावसाळ्याआधी हेच. या बोटीला वयाची अट असते. पंधरा पूर्ण झाली की त्यातून उतरायचं, मग मोठ्या बोटी, आणि त्या आमच्याकडे कोण आणणार? तिला भोपाळला आणायचं मी काढलं होतं. क्लबला नऊ-दहा वर्षांची मुलं हवी होती, सानू त्याहून मोठी. आणि काका, म्हणजे सानूचे वडील, म्हणाले, "एक गेली ती पुरे."

या दिवाळीत घरी गेले. पनवेलची आत्या जूनपासून सानूला दहावीसाठी ठेवून घ्यायला तयार होती. सानूने नाही म्हटलं होतं. "पुढल्या पावसाला पाणी आलं आणि मी नसले तर?" मला पाहिल्यावर हे तिचं पहिलं वाक्य. तिला पुढच्या दिवाळीच्या आसपास पंधरा पूर्ण होतील.

मी आधी एकटीच धरणावर गेले. दाराचा दांडा उघडल्या जागी तसाच गंजला होता. सांडव्याची भिंत फोडून खोल चर काढला होता, एक पावसाळाही पाणी अडू नये म्हणून. चराच्या तोंडाशी उंबर उगवला होता, माझ्याहून उंच. जे परत भरायचं असतं ते असं फोडत नाहीत. आणि खाली, जिथे आम्ही शर्यती लावायचो त्या गाळात, वालाच्या ओळी दुपानी झाल्या होत्या. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या होत्या त्यांना त्या परत मिळाल्या होत्या. काकांची ओळ सगळ्यात सरळ. एका नारिंगी पिंपात दगड भरून त्यांनी वर बुजगावणं उभं केलं होतं. "गाळात वाल झकास येतो," जेवताना ते म्हणाले. सानू समोरच बसून जेवत होती. खालच्या वाडीतली माणसं आता पावसात स्वतःच्या घरात झोपतात. कोणावर चिडायचं, हे मला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सानू मला ओढत घेऊन गेली. वालाच्या कडेला, कोरड्या जागेवर सरांनी बोटी जुन्या टायरांवर ठेवल्या होत्या. शिडं चढवली होती. एकेकीत एक अशा चार मुली आत बसल्या होत्या, पाय पट्ट्यात अडकवून, पाठ बाहेर झोकून. सानू रिकाम्या बोटीत जाऊन बसली. सर एकेका बोटीची कड हातांनी उचलून लाट आणत होते. ते थकलेले दिसत होते. खिंडीतून वारा पडला, शिडं टम्म फुगली, दोऱ्या ताणल्या, आणि बोटी जागच्या हलल्या नाहीत. सानूने समोर बघून पूर्वीसारखीच आरोळी दिली, "स्टारबोर्ड!" वालात वाकलेल्या सुमनकाकी म्हणाल्या, "वळते गो बाय, वळते!" सगळ्या हसल्या. सानूही हसली.

बाहेर गेलेल्या माझ्यासारख्यांना हे माहीत असेल. घर म्हणजे सणाला जायचं ठिकाण, असं आपण ठरवून टाकतो. माझ्यासाठी मात्र आता ते एकच ठिकाण उरलं आहे, जिथे मला सगळं दिसतं आणि शिट्टी वाजवून भागत नाही.

सर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "सांग यांना, पुढल्या पावसाला पाणी ठेवनार हायेत म्हणून. तुझं ऐकतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चराकडेही पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

सानूने दोरी धरून ठेवली होती. "येईल ना गो ताई?"

मी वाऱ्याखालच्या बाजूला उभी होते, शिडाआड. तिला मी दिसत नव्हते. नेहमीसारखं हळू बोलले असते तर वाऱ्यात विरून गेलं असतं, आणि मला तसं बोलायचं होतंही. पण मी ओरडले. आवाज डोंगरावर आपटून परत आला, काकी वालातून उठून उभ्या राहिल्या.

"पाणी येणार नाही, सानू. बोटीतून उतर."