चाचांची भरलेली बॅटरी

ऊन चढलं की चाचा फाटकात यायचे, कपाळावर आडवा हात धरून वर बघायचे आणि गल्लीला हुकूम सोडायचे, "लावा मशिनी! ऊन वाया जायलंय!"

सोलर त्यांच्या एकट्याच्या छतावर, आणि कपडे मात्र सगळ्या गल्लीनं धुवायचे. समोरच्या काकू म्हणायच्या, "चाचा, आमच्या मशीनला तुमचं ऊन पोचत नाय."

"पोचंल, पोचंल. आधी लावा तर."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नीट बघा, फाटकातच उभा असेल.

चाचांचं सोलर, बॅटरी आणि हीट पंप मीच बसवून दिलं. सिल्लोडकडच्या आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही पहिल्या भेटीतच सांगून टाकतो. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवसापासून चहा आला की आत आवाज जायचा, "ग्रॅज्युएट साहेबांना दोन बिस्किटं जास्त द्या, शिकून दमलेत!"

हीट पंप त्यांनी घेतला तो चाचींसाठी. चाचींना संधिवात. हिवाळ्यात फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाआधी गार पाण्यानं वजू केला, हात-तोंड-पाय धुतले, की बोटं आखडायची. मी समजावून सांगितलं, "फ्रिज आतली गरमी बाहेर टाकतो ना, हा बाहेरच्या हवेतली गरमी ओढून पाण्यात सोडतो. गिझरपेक्षा वीज लई कमी."

"म्हणजे चोरी करतो."

"हवेची, चाचा."

"मग चालंल."

दुपारच्या उन्हावर टाकी तापायची. संध्याकाळी नातवंडांच्या आंघोळीत ती संपली, तर पहाटे बॅटरीवर पंप पुन्हा चालवायचा, असा माझा हिशेब. चाचांचा हिशेब वेगळा निघाला.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. आलं की माणूस ड्रम, हंडे, बादल्या, शेवटी लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा भरून ठेवतो. भरलेल्या ड्रमला हात लावायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. चाचांनी बॅटरीही त्याच रांगेत मांडली. स्क्रीनवर शंभर दिसलं की ते खूश. जरा खाली आलं की मला फोन, "गळायली वाटतं."

"चाचा, बॅटरी रोज वापरायची असती. रात्री खाली, दुपारी पुन्हा भर."

"वापरून टाकली आन् वेळ आली तर? अडीनडीला काय करायचं?"

मग पहाटे पंप बंद. टाकीतलं उरलेलं गरम पाणी काढायलाही बंदी, कारण एक लोटा काढला की तेवढं गार आत शिरतं आणि ते तापवायला पुन्हा वीज लागते. चाचींनी गॅसवर पातेलं ठेवायचं म्हटलं तर त्यालाही नाही. "घरात एवढं मशीन आन् गॅसवर पाणी? लोक हसतील."

चाची चाचांकडे बोट दाखवून मला म्हणायच्या, "इनो किसी का सुनते नै, बेटा." आणि गार पाण्यानं वजू करायच्या.

मग ऐन थंडीत एका संध्याकाळी गल्लीची डीपी जळाली. सगळीकडे अंधार, चाचांचं घर तेवढं लखलखीत. चाचांना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. दारात वरात यावी तशी त्यांची अडीनडी आली होती. अंगणात टेबल मांडलं, बोर्ड जोडले, अख्ख्या गल्लीचे मोबाइल ओळीनं लावले. समोरच्या काकू चटणीसाठी मिक्सर घेऊन आल्या. चाचा म्हणाले, "बारीक वाटा! बॅटरी आपलीच हाय."

सकाळी उजाडतानाच त्यांचा फोन. "अर्ध्यावर आली. ये."

गेलो तर चाची अंगणात कोवळ्या उन्हात बोटं चोळत बसलेल्या. चाचा मला रात्रीचा पराक्रम सांगत होते. कुणाचा फोन, कुणाचा मिक्सर. चाचींनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "सारी गल्ली का काम हो गया, बेटा. एक मेरा वजू ठंडे पानी से हुआ."

मी हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी चाचींच्या हातांकडे बघितलं.

"दुखते क्या अभी भी?"

"इसी वास्ते तो लाए थे ना तुम मशीन."

चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "टायमर लाव. अजानच्या आधी पाणी तापलं पाहिजे. रोज."

आता गंमत करायची माझी पाळी होती. "बॅटरी खाली होईल, चाचा."

"होऊ दे की. दुपारी ऊन काय झोपायलंय?"

चाचांना जाऊन आता बरेच महिने झाले. गल्लीत ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो मशीन लावतो. मुलगा पोराबाळांना घेऊन वाळूजजवळ राहायला गेला आणि घरात चाची एकट्या. एकट्या माणसाला दुपारचं तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरतं. म्हणून परवा गेलो तेव्हा म्हटलं, "चाची, पहाटेच्या टायमरची आता गरज नाय. काढून टाकतो."

"रहने दे."

"पाणी गरमच असतंय, चाची. मशीन उगाच चालू होतं."

"मालूम है." त्यांनी माझ्यापुढे बशी सरकवली. "पंप की आवाज आती ना, तो उठती मैं. पहले इनो उठाते थे."

मी टायमरला हात लावला नाही.