चहाला काय म्हणतात?

मालिनीबाईंचा राग अमेरिकेतल्या साऱ्या स्टेट कॉलेज गावाला ठाऊक होता. नागपूरच्या शाळेत मराठी शिकवणारी ही बाई नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने वाचनालयाच्या मोठ्या खोलीत रविवारचा मराठी वर्ग थाटला. बर्फ असो, ताप असो, वर्ग कधी चुकला नाही. चुकायला लागली ती मुलं.

२०१० साली चीनमधून लिनबाई नावाच्या शिक्षिका आल्या. तिकडच्या सरकारने सोबत पुस्तकं, कुंचले, शाई, कागदी ड्रॅगनसुद्धा दिला होता, सगळं फुकट. बघता बघता त्यांचा वर्ग भरून वाहू लागला. वाचनालयाने मालिनीबाईंना सांगितलं, तुमची तीनच मुलं, खोली आता त्यांना देतो.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या सरकारने कधी एक पाटी तरी धाडली होती का? त्या तडक मराठी मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव यांच्याकडे गेल्या. हे दर गणपतीत 'मराठी जगली पाहिजे' म्हणून डोळ्यांत पाणी आणत, आणि स्वतःच्या मुलाला, प्रसन्नला, वर्गाला मात्र 'नेक्स्ट इयर नक्की' पाठवतो म्हणत.

"डोन्ट वरी, मालिनीताई, मी लायब्ररीशी बोलतो," ते म्हणाले. बोलले कुठले!

शेवटी रविवारी बाई स्वतःच भांडायला गेल्या. दारातून पाहतात तो लिनबाई कप दाखवून "चा" म्हणत होत्या आणि तुमच्या घरी याला काय म्हणतात, असं एकेका मुलाला विचारत होत्या. पुढच्याच रांगेत, हातात कुंचला घेऊन, प्रसन्न!

"टी," तो म्हणाला.

"चहा!" मालिनीबाई कडाडल्या. "चहा म्हणतात रे! तुझा बाप दिवसभर तोच ढोसतो!"

लिनबाई दचकल्या, मग हसल्या. "चा... चहा?" त्यांनी फळ्यावरच्या आपल्या चिनी अक्षराशेजारी जागा सोडून खडू पुढे केला. भांडायला आलेल्या बाईंनी मुकाट्याने 'चहा' लिहिलं.

"मावशी, व्हॉट डझ दॅट से?" प्रसन्नने विचारलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या बाहेर आल्या. दिगंबरराव गाडीत पोराची वाट पाहत बसले होते. बाईंना बघून त्यांनी ओशाळून काच खाली केली.

"ताई, काय करणार, चायनीजला फ्यूचर आहे."

"मग यंदा गणपतीत भाषणही त्याच भाषेत ठोका," मालिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या पोराला तरी कळेल."