अनावेदक क्रमांक दोन

दुर्गच्या कचेरीसमोर माझ्याइतका शिकलेला अर्जनवीस दुसरा नाही. हे विधान मी नम्रतेने करतो. (शिक्षण दहावीपर्यंत, दहावीचा निकाल हा स्वतंत्र विषय आहे.) ज्याचा अर्ज मी लिहितो, त्याच्या विरुद्ध पक्षाचा जबाबही पुष्कळदा मीच लिहितो. सकाळी वादी, दुपारी प्रतिवादी, शुल्क दोघांकडून! आजवर कोणी तक्रार केलेली नाही, कारण तक्रार लिहून घ्यायलाही माझ्याकडेच यावे लागते.

अशा मनुष्याला फसवणे सर्वथा अशक्य होते. म्हणूनच माझ्या पत्नीच्या मावसभावाला त्यासाठी एक कप चहा पुरला.

हा वसंता खुर्सीपारला मोबाइलच्या दुकानामागे खुर्ची टाकून शेअरची दलाली करतो. एका रविवारी तो माझ्या कानाशी वाकला.

"भाऊजी, कोनाले सांगू नका. एक माल आला हाये."

"कसला माल?"

"भट्टीच्या राखेच्या विटा बनवनारी कंपनी. शेअर अजून बाजारात आलाच नाही. आला की दसपट! एक पार्टी मजबुरीत विकून राहिली, मनून भेटून राहिला."

"मग तू स्वतःच का घेत नाहीस?" मी भेदक प्रश्न टाकला. (उलटतपासण्या ऐकून ऐकून अशी दृष्टी येते.)

"मी घेतो न भाऊजी! पन मंग तुमाले काय भेटंन?"

या त्यागाने मी गहिवरलो.

माझ्याकडे पैसे होते. ते घरावर स्लॅब टाकण्यासाठी होते. आमच्या घरावर टिन आहे. मे महिन्यात भिलाईत टिनाखाली बसणे आणि भट्टीपुढे उभे राहणे यांत फरक इतकाच, की भट्टीपुढच्याला पगार मिळतो. त्या स्लॅबसाठी माझी पत्नी मंदा माझ्या खात्यावर नागिणीसारखी बसून होती. तरीही मी विचार केला : दसपट झाले, तर एकाच्या जागी दोन मजले!

"पण मंदाला कळता कामा नये," मी बजावले. "घाल शपथ."

"आईची शपथ, भाऊजी!"

कागदपत्रे सगळी वसंतानेच केली आणि शेअर माझ्या नावावर झाले. मग काहीच झाले नाही. फार दिवस काहीच झाले नाही, तेव्हा मी रायपूरला जाऊन कंपनीचे कार्यालय शोधले. त्या पत्त्यावर एक गृहस्थ गुपचूप विकत होता. (पाणीपुरीला आमच्याकडे गुपचूप म्हणतात, तो मात्र आपला धंदा उघड्यावर करीत होता.) विटांबद्दल विचारले, तर त्याने मला वाटी दिली.

त्याच संध्याकाळी मी लेखणी उचलली. अनावेदक, म्हणजे आपल्या भाषेत प्रतिवादी, क्रमांक एक, वसंता. याच्यावर हात जरा सैल ठेवला, कारण सासुरवाडी. अनावेदक क्रमांक दोन, हा कचरा विकणारी ती अज्ञात मजबूर पार्टी. हिच्यावर मात्र मी माझी संपूर्ण विद्या रिती केली. तसा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता!

पुढल्या रविवारी वसंताला बोलावून घेतले. मंदा बोरसीला बहिणीकडे गेली होती, अशी माझी समजूत होती. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. (अर्ज अर्थातच हिंदीत, आमच्या कचेरीला तीच समजते.)

"यह कि अनावेदक क्रमांक दो अत्यंत धूर्त, लालची एवं निर्दयी व्यक्ति है! यह कि उक्त व्यक्ति ने अपना कचरा एक भोले गृहस्थ के सिर मढ़कर उसके बाल-बच्चों की छत छीनी है! यह कि..."

"भाऊजी, हळू वाचा न."

"कावून?" संताप आला की माझी भाषा घरी परतते. "मले कोनाचं भेव हाये? नाव सांग त्या चोराचं! आत्ताच्या आत्ता नाव सांग!"

वसंताने चहा बशीत ओतला. फुंकला. मग हनुवटीने दाराकडे खूण केली.

"थे काय, तुमच्या मांगं उभी हाये."

मी वळलो. दारात मंदा उभी होती. पायांतल्या चपलाही अजून काढलेल्या नव्हत्या. (ती पुढे त्या काढील, पण कोपऱ्यात ठेवण्यासाठी काढील की मारण्यासाठी, याचा अंदाज येईना.)

"तू? तू विकले?"

"मंग? मांगल्या साली शिलाईचे पैसे याच्याच नादी लागून टाकले होते. कंपनीचे लक्षन ठीक दिसेना, मनून याले मनलं, कोनी येडा भेटला त काढून टाक बापा, स्लॅबमंदी भर होईन. हा मने, ताई, भेटला! शिकलेला हाये, भाव बी करून नाही राहिला! मले काय मालूम, थो येडा माह्याच घरी जेवून राहिला मनून!"

मी वसंताकडे झेपावलो. "तुले मालूम होतं न रे?"

"हाव. पन ताईची शपथ, भाऊजीले सांगू नको. तुमची शपथ, ताईले सांगू नको. म्या दोघाईची पाळली."

"आन दलाली?"

"दोघाईची घेतली."

"लाज नाही वाटत? दोन्ही पक्षांकडून एकाच वेळी?"

"भाऊजी," वसंता अत्यंत आदराने म्हणाला, "सकाळी वादी, दुपारी प्रतिवादी. लहानपनी तुमच्या टेबलापाशी बसूनच त शिकलो मी."

मंदाने माझ्या हातातून अर्ज घेतला, 'लालची' आणि 'निर्दयी' हे शब्द पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातले आणि म्हणाली, "आता माहा जबाब लिवा."

मी लिहिला. जबाब अर्जापेक्षाही सरस उतरला. प्रार्थी, म्हणजे अर्जदार, हाच मूळचा लालची असून त्याने पत्नीपासून चोरून छताचे पैसे उधळले, हे मी अकाट्य शब्दांत सिद्ध केले. शुल्क मिळाले नाही.

माझे पैसे मंदाकडे आले होतेच. त्यातून स्लॅब टाकला, वजा दोन दलाल्या. दोन दलाल्यांइतका कोपरा टिनाचाच राहिला. माझे घरचे टेबल कोणत्या कोपऱ्यात ठेवायचे, हे मंदाने ठरवले.

राहता राहिले शेअर. परवा टिनाखाली घाम पुसत मी वसंताला फोन केला.

"वसंता, तेवढे शेअर विकून दे रे कोनाले."

"कोशिश करून राहिलो, भाऊजी," तो कळवळून म्हणाला. "पन दुर्ग-भिलाईत तुमच्याइतका शिकलेला मानूस दुसरा भेटूनच नाही राहिला!"