सरळ बांधलेलं विलायती घर

या सदरात लोक काय काय लिहितात... पिंपळ, पांढरी साडी, उलटी पावलं. मी वाचतो आणि हसतो. मी सिव्हिल इंजिनियर आहे. ज्याला ओळंबा लावता येत नाही, त्याच्यावर माझा विश्वास नाही, आणि भुताला ओळंबा लावलेला अजून कुणी पाहिलेला नाही. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "दरवेळी तोंडी सांगून पाहुणे पळवता. एकदा लिहून मोकळे व्हा."

स्थळ ओमान, मस्कतजवळचं अल खौद. साल अठ्ठ्याण्णव. आमचे अर्बाब, म्हणजे ज्यांच्या व्हिसावर मी तिथे होतो ते मालक, तरुणपणी शिकायला इंग्लंडला होते. तिथे एका खेड्यातल्या जुन्या हवेलीत भाड्याने राहिले. आता त्यांना डिट्टो तीच हवेली अल खौदमध्ये हवी होती. सात धुराडी! जिथे बाहेर ठेवलेलं अंडं आपोआप उकडतं, तिथे खोलीखोलीत शेकोटी. वर बर्फ घसरावा म्हणून उतरतं छप्पर. बर्फ आम्ही फक्त सरबतात पाहिलेला.

ड्रॉइंग्ज एका गोऱ्या सर्व्हेअरने मूळ हवेली मोजून पाठवलेली. तिकडे म्हणे ती सरकारी संरक्षणात आहे, खिळा ठोकायलाही परवानगी लागते. त्यामुळे तीनशे वर्षांत जे जे वाकलं, ते वाकडंच जपून ठेवलेलं. गोऱ्याने तेही इमानेइतबारे उतरवलं होतं — पूर्वेची भिंत वरच्या अंगाला वीतभर बाहेर झुकलेली, छपराचा कणा म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखा मध्ये बसलेला, वरच्या लांब खोलीची जमीन खिडकीकडे उतरती. आपल्याकडे अशा घरावर नगरपालिका 'धोकादायक' म्हणून पाटी लावते. हे लोक तिकीट लावतात.

मी काय केलं? आपल्याकडचा कुठलाही इंजिनियर करेल तेच. वाकडं माप म्हणजे मोजणाऱ्याची चूक, असं धरून कुणाला न विचारता सगळं सरळ करून टाकलं. भिंत अशी ताठ, की परेडमधल्या शिपायाने बघून पोट आत घ्यावं.

अर्बाब बघायला आले. वरच्या खोलीत जाऊन त्यांनी खिशातून लिंबू काढलं आणि लाकडी जमिनीवर ठेवलं. लिंबू हललं नाही.

"मुहंदिस," इंजिनियरला तिकडे हेच म्हणतात, "ये मेरा घर नहीं है."

"अर्बाब, सब ड्रॉइंग के हिसाब से..."

"वहाँ मेरा पलंग थोड़ा थोड़ा खिसकता था, खिड़की की तरफ. लगता था, घर सुला रहा है. ये तो दफ़्तर है." लिंबू उचलून त्यांनी खिशात टाकलं. "ईद के बाद आऊँगा. वैसा नहीं हुआ तो खलास. तुम्हारा टिकट."

घरी सांगितलं. मुलगी मुग्धा तिथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीत. पुस्तकातून डोकं न काढता तिने विचारलं, "बाबा, पुण्याला मराठी कंपलसरी असतं?"

"असतं."

"मग प्लीज नको ना जाऊया. मी फेल होणार. मला ते जोडाक्षर लिहायला नाही येत."

पोरीचं वर्ष वाचवायचं म्हणून माझी ती देखणी भिंत फोडायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी फोरमन बस्त्यावला घेऊन साइटवर गेलो. बस्त्याव वसईचा, मूळचा सुतार. कुठून फोडायचं ते ठरवायला आधी ओळंबा सोडला.

"बस्त्याव, नीट धर."

"नीटच धरलाय साहेब. भिंत नीट नाय."

"कालची उतरली नाही वाटतं तुझी."

"माझी सोडा. दोरा पण प्यायलाय काय?"

मी स्वतः धरला. भिंत वीतभर बाहेर. ड्रॉइंगमध्ये होती तेवढीच.

पाया खचला म्हणाल, तर पाया खडकात. तो फोडताना आमचे ब्रेकर रडले होते. आणि खचला तर तडे जातात. मी भिंग घेऊन शोधलं, गिलाव्यावर केसाएवढीही चीर नाही. पण खरी गंमत खिडक्यांची. चौकटी तिरक्या झालेल्या, आणि काटकोनात कापून आणलेल्या काचा त्या तिरक्या चौकटीत तिरक्याच होऊन घट्ट बसलेल्या. पुट्टीसुद्धा शाबूत. वाचकहो, काच फुटते. काच तिरकी होत नाही.

बस्त्यावने छातीवर क्रूसाची खूण केली. "साहेब, तुम्ही पण काय ते म्हणा."

"मी इंजिनियर आहे."

"मग लवकर म्हणा."

ईदनंतर अर्बाब आले. लिंबू ठेवलं. ते सावकाश घरंगळत खिडकीपाशी जाऊन थांबलं. एवढा मोठा माणूस, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशासकट मांडी घालून जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग विचारलं, "कैसे किया?"

"ट्रेड सीक्रेट, अर्बाब," मी म्हणालो. मागे बस्त्यावला खोकला आला.

मुग्धा दहावी झाली, बारावीही तिथेच झाली. माझी कीर्ती मात्र लांबच्या रुस्ताक गावापर्यंत पोचली. तिथे राहणाऱ्या अर्बाबच्या चुलतभावालाही तसंच घर हवं होतं. मी ऐटीत सांगितलं, "पहले सीधा बनेगा, बाद में ख़ुद झुकेगा. टेक्निक है." मुद्दाम वाकडी भिंत माझ्या हातून होणार नव्हती, आणि गरज काय होती? तीच ड्रॉइंग्ज, तीच माणसं.

घर बांधून झालं आणि उभं राहिलं ते उभंच. दर शुक्रवारी त्या भिंतीसमोर जाऊन बसायचो. बस्त्यावने चर्चमधलं पाणी शिंपडलं, मी अडवलं नाही. दोरा भिंतीला समांतर लोंबायचा, माझ्या तोंडावर हसल्यासारखा.

पुण्यातल्या मोठमोठ्या स्ट्रक्चरल कन्सल्टंट्सना विचारून झालं. ते 'सेटलमेंट' म्हणतात, म्हणजे पाया खचला. मी काचांचं विचारलं की चहा मागवतात. अल खौदला का झुकली, रुस्ताकला का नाही, मला आजही सांगता येत नाही.

चुलतभावाने शेवटी ओळंबा मागवला, स्वतः लावून पाहिला आणि अर्बाबना माझा व्हिसा रद्द करायला लावला. भिंत ओळंब्यात सापडली म्हणून देशाबाहेर काढलेला इंजिनियर जगात मी एकटाच.