मारलंस न्हवं? मग धर डोकं

माझ्या हनुवटीला टाके घालण्याआधी सिस्टरांनी मला एक सणसणीत थोबाडीत मारली होती. पलूसच्या सामन्यात हॉकीची स्टिक लागून हनुवटी उघडी पडली होती, रक्त बनियनपर्यंत उतरलं होतं आणि मी दवाखाना डोक्यावर घेतला होता. त्या तडाख्यानं मी गप्प झालो आणि तेवढ्यात सुई आत गेली. "लांडग्यानं मेंढरं फाडली की आमचा बा टाकं घालायचा आन मी धरून बसायची," त्या म्हणाल्या. "एक मेंढरू कवा वरडलं न्हाई. आन तू म्हणं राइट हाफ!"

सिस्टर आमच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. माहेर आटपाडीकडचं, धनगराचं. नवरा लवकर गेला. एकुलत्या पोराला, बिरूला, घेऊन त्या कारखान्याच्या चाळीत राहायच्या. कारखान्यानं तेव्हा पगारी हॉकी संघ ठेवला होता. कागदावर आम्ही कुणी कारकून, कुणी शिपाई. खरं काम मैदानावर लोकांच्या नडग्या फोडायचं. मैदान मुरमाचं. चेंडू कुठून उसळून तोंडावर येईल याचा नेम नाही, आणि स्टिक तर नेम धरूनच यायची. सामना संपला की दोन्ही संघ सिस्टरांच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले असायचे.

आपल्या संघाचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची. ज्यांनी आयुष्यात स्टिक धरली नाही तेच यात पुढे. गेटवरच्या चहाच्या टपरीवर दोघा चुलतभावांनी याच वादात सोडावॉटरच्या बाटल्या एकमेकांच्या डोक्यात घातल्या आणि दोघं एकाच रिक्षातून सिस्टरांकडे आले. टाके घालेपर्यंत त्यांचं चालूच होतं. शेवटी सिस्टर कडाडल्या, "गप बसा! पैला महादू. बाकीचं सगळं त्याच्या मागनं."

महादू आमचा फुलबॅक, बचावातला गडी. त्यानं जन्मात एक गोल केला नव्हता. लोक हसले, पण सिस्टरांचा हिशेब वेगळा होता. सरावात एकदा महादूच्या स्टिकनं आमच्याच एका पोराचं नाक फुटलं. महादूनं त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात आणलं. सिस्टर म्हणाल्या, "मारलंस न्हवं? मग धर डोकं." महादूनं डोकं धरलं, रक्त बघून घेरी येऊन पडला, उठला आणि परत धरलं. तेव्हापासून तो दवाखान्याचा नियमच झाला. ज्यानं मारलं त्यानं टाके पडेपर्यंत समोरच्याचं डोकं धरायचं. कितीही मोठा खेळाडू असो, सिस्टर हाका मारमारून त्याला बोलवायच्या. मीही अशी डोकी धरली आहेत. आपण फोडलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं की ते फार जड लागतं.

आता बिरू. सेंटर फॉरवर्ड. त्याच्यासारखा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. चेंडू घेऊन निघाला की समोरचे बाजूलाच व्हायचे, कारण आडवा आलेला उभा राहत नसे. लोकांच्या लेखी पहिला नंबर त्याचाच. मैदानावर तोही आईला सिस्टरच म्हणायचा.

साताऱ्याच्या संघाबरोबर आमच्याच मैदानावर अंतिम सामना होता. त्यांचा गोली वाईचा, उंचापुरा, जिद्दीचा. त्यानं बिरूचे सगळे फटके अडवले. लोक बिरूला शिव्या घालायला लागले होते. शेवटी गोलासमोर झोंबाझोंबी झाली, गोलीचं हेल्मेट निघून बाजूला पडलं आणि तो चेंडूवर आडवा झाला. मी दोन हातांवर होतो. बिरूनं स्टिक वर उचलली आणि चेंडू सोडून त्याच्या तोंडावर घातली. एकदा नाही, दोनदा. मग सुटलेला चेंडू त्यानं जाळ्यात ढकलला. पंचाला माणसांच्या गर्दीत काही दिसलं नाही. शिट्टी वाजली, गोल झाला, गुलाल उडाला.

गोलीला मी आणि महादूनं स्ट्रेचरवरून आणलं. भुवई फाटून लोंबत होती आणि तिच्याखाली डोळा असा उरलाच नव्हता. सिस्टरांनी एकदाच पाहिलं आणि दारात जाऊन हाक मारली, "बिरू!" बाहेर त्याला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते. "बिरू, डोकं धराय ये!" त्यानं आमच्याकडे पाहिलं. मी शपथेवर सांगतो, त्यानं ऐकलं होतं. मग तोंड फिरवून त्यानं दोन्ही हात वर केले आणि मिरवणूक पुढं गेली. डोकं मी धरलं. सिस्टरांनी जमेल तेवढे टाके घातले आणि गाडी करून त्याला मिरजेला धाडलं. तो डोळा गेला.

त्यानंतर सिस्टर बिरूला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्याला वाढायच्या, त्याचे कपडे धुवायच्या. त्याचं लग्न लावलं, नातवंडं खेळवली. पण नंबरांची गोष्ट निघाली की महादूपासून सुरू करून माझ्यासारख्या रडक्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायच्या आणि बिरूचं गाळायच्या. कुणी मुद्दाम विचारलं तर "त्यो यायचाय अजून" एवढंच म्हणायच्या. बिरू हसण्यावारी न्यायचा, पण त्याचा चेहरा उतरायचा. सगळ्या जिल्ह्यानं डोक्यावर घेतलेल्या माणसाला घरातल्या एका म्हातारीचा शब्द हवा होता.

गेल्या वर्षी कारखान्यानं मैदानावर कृत्रिम हिरवळीचं नवीन टर्फ घातलं. उद्घाटनाला संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून बिरूचा सत्कार ठरला, आणि कुणा शहाण्यानं तो आईच्याच हस्ते ठेवला. सिस्टर तेव्हा थकलेल्या होत्या. त्यांनी ती काचेची ट्रॉफी घेतली, टेबलावर परत ठेवली आणि माइकवर म्हणाल्या, "ह्येनं ज्याचा डोळा फोडला त्यो वाईत हाय. पैलं त्याला इचारून या, मग मला बोलवा." आणि जिना उतरून गेल्या. बिरूनं ट्रॉफी उचलली आणि व्यासपीठावरच आपटून तिचा चुरा केला. हाताला काच लागली, तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. "चल गड्या, वाईला."

नदीच्या घाटाजवळ गोलीचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. एक डोळा काचेचा. बिरू पायरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "मी बिरू. म्या मारलं हुतं तुमास्नी." गोलीनं शटर ओढायची लोखंडी सळी काढली आणि त्याच्या टाळक्यात घातली. बिरू गुडघ्यावर बसला. त्यानं हात वर केला नाही. दुसरा घाव खांद्यावर पडला, हाड वाजलेलं मी ऐकलं. तिसऱ्याला मी गोलीच्या कमरेला मिठी मारली. तो रडत होता. "इतकी वर्षं कुठं होतास रं? कुठं होतास?" त्यानं सळी टाकली, आत गेला आणि शटर खाली ओढून घेतलं. माफी वगैरे काही झाली नाही. जवळच्या डॉक्टरनं बिरूच्या डोक्याला टाके घातले आणि खांदा बांधून दिला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा सिस्टर खाटेवर होत्या. बिरू खाली बसला, त्यांनी त्याच्या डोक्यावरून बोटं फिरवली. "दोरा लय जाड वापरलाय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"इतकी वर्सं कुठं हुतास म्हणला."

"मग तू?"

"काय न्हाई, आये. काय सांगणार?" मग तो म्हणाला, "आता तरी माझा नंबर सांग. शेवटचा असला तरी चालंल."

"महादूनं त्याच दिवशी डोकं धरलं हुतं, बिरू," सिस्टर म्हणाल्या. "तुला लय येळ लागला रं. नंबर न्हाई द्यायची मी." आणि त्यांनी त्याचं फुटकं डोकं ओढून मांडीवर घेतलं. पन्नाशीचा तो माणूस घुसमटून रडला. मीही रडलो, त्यात लाज कसली.

त्याच पंधरवड्यात सिस्टर गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. असं निर्दय प्रेम करणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

टपरीवर वाद अजून होतात. परवा टर्फवरची नवी पोरं बिरूसमोरच म्हणाली, "पहिले तुम्हीच की, काका." बिरूनं कप ठेवला. "पैला महादू," तो म्हणाला. "मी त्यात न्हाई." एक पोरगा तरी हटेना. तेव्हा बिरूनं त्याची कॉलर धरून त्याला बाकावरून अर्धा उचलला आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "न्हाई म्हणलं न्हवं?" मी मध्ये पडलो नाही.