दांड्याला बांधलेली नाडी

ये, अशी जवळ सरक. फोनवर बोललं की तुझ्या काकांना पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून लिहून काढते आहे. वाचताना माझ्या शेजारी बसली आहेस असं समज. आणि आधी बोलणी खा. हातोडी घ्यायला आमचा अख्खा दिवस गेला म्हटल्यावर तू हसलीस. म्हणालीस, "मावशी, ऑनलाइन मागवायची ना." अगं, तू तिकडे नागपुरात बसून लोकांच्या हातापायांच्या नसा बऱ्या करायचं शिक्षण घेतेस, आणि हातोडी हातात धरून बघायची असते हे मी तुला सांगू?

तुझे काका सेंटरिंगचे सुतार. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्यांचा साचा ठोकायचा आणि सिमेंट आवळलं की तो उपटून काढायचा, हे त्यांचं काम. गुडघे चालत होते तोवर मीही त्यांच्या हाताखाली फळ्या दिल्या. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण खिळा सरळ चाललाय की वाकडा, ते मी आवाजावरून सांगते.

आमच्या घरची एक रीत तुला ठाऊक आहे. रविवारी हातोडी बादलीत बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि लोखंडी डोकं दांड्यावर घट्ट बसतं. त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. बादलीत टाकायचं काम माझं. एका रविवारी मी विसरले. बिबवेवाडीत त्या दिवशी पाणीच आलं नाही, भांडी घासायची की हातोडी भिजवायची.

त्याच आठवड्यात हिंजवडीच्या साइटवर दुसऱ्या मजल्यावरून यांची हातोडी खाली पडली. खाली एक बाई वाळू चाळत होती. ती तेवढ्यात पाणी प्यायला बाजूला झाली, आणि ती उभी होती तिथेच वाळूत हातोडी रुतली. ठेकेदार एवढंच म्हणाला, "हत्यार बदला. परत पडलं तर मी माणूस बदलीन."

घरी आले ते पंच्यात गुंडाळलेली हातोडी कपाटावर ठेवूनच बोलले. "डोकं निसटलं. तू भिजवली नव्हतीस ना."

चार दिवस मला घास गोड लागला नाही. ती बाई कोण, तिला मुलं किती, काही माहीत नव्हतं, तरी ती माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. एक बादली पाणी, आणि माझ्या हातून काय झालं असतं. चौथ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना मी ती हातोडी खाली काढली. म्हटलं बघू तरी किती ढिली झालीये. डोक्यावर पाय दिला, दांडा दोन्ही हातांनी ओढला. डोकं तसूभर हललं नाही. परत ओढला. नाही.

तेव्हा मला खरी भीती वाटली बघ. डोकं निसटलंच नव्हतं, हातोडी दांड्यासकट पडली होती. म्हणजे सुटली ती हातातून.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दोन महिने ते शर्ट सोडून टी-शर्ट घालत होते. मला वाटलं उकाडा आहे. बटणं लावता येत नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मी मेली म्हणायचे, काय लहान मुलासारखं. हातोडी होती तशी गुंडाळून परत ठेवली आणि काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी मान्य केलं नसतं, आणि मान्य केलं असतं तर पुढे काय, तेही मला सुचत नव्हतं.

फक्त म्हटलं, "नवीन घ्यायला मीही येते."

बुधवार पेठेत उतरून आम्ही पुढे हत्यारांच्या दुकानांकडे चालत गेलो. दुकानदार आमच्याच वयाचा, चष्म्यावरून बघणारा. यांनी सगळ्यात जड हातोडी उचलली. पाऊण किलोची, दांड्यापासून टोकापर्यंत एकसंध लोखंड, मागे खिळे उपटायला दोन नखं. "ही नातवंडांनाही पुरेल," म्हणाले.

मी म्हटलं, "पुरेल हो, पण ठोकल्यावर हादरा कुठे जाणार? लाकूड थोडा पिऊन घेतं. लोखंडाचा सगळा कोपरात."

दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही ठोकणार की हे?"

"हे ठोकणार, रात्री शेकणार मी."

मग मी एकेक मागत गेले. रबरी मुठीची, लाकडी दांड्याची, जाड, बारीक. मूठ वळली की बोटांची टोकं तळहाताला जेमतेम लागली पाहिजेत. दांडा जाड असला तर हात आवळून आवळून दमतो, बारीक असला तर आत फिरतो. अर्धा तास झाला तेव्हा दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "अहो, हातोडी आहे, स्थळ नाही."

"स्थळ चुकलं तर निभावता येतं," मी म्हटलं. "एखादा ठोकळा असेल तर द्या. आणि थोडे खिळे."

त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने आतून ओंडका आणून पायरीवर ठेवला. यांनी जड हातोडी घेतली. जन्मभर दांडा शेवटाला धरणारा माणूस, त्या दिवशी पार डोक्याजवळ धरून उभा. दुकानदाराच्याही लक्षात आलं. "एवढ्या जवळ धरून सुपारी फोडायचीये का?"

त्यांनी हात खाली सरकवला आणि ठोकायला लागले. मी आवाज ऐकत होते. तीन खिळे सरळ. चौथ्याला आवाज बोथट झाला. पाचव्याला हातोडी तिरकी बसली आणि त्यांनी डाव्या हाताने दांडा पटकन धरला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्यांनी पँटवर घासली, झोपलेल्या माणसाला उठवावं तशी.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी अशीच सुटली."

"माहीत आहे," मी म्हटलं. "डोकं घट्ट आहे तिचं. मी ओढून बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दुकानदार खिळ्यांच्या डब्यांकडे वळून उगाच झाकणं लावत बसला. मग त्यानेच अर्धा किलोची, लाकडी दांड्याची हातोडी पुढे केली. मधे किंचित फुगीर, शेवटाला अडणारी. यांनी सात खिळे मारले. सातही गेले. आठवा त्यांनी मारलाच नाही, हातोडी खाली ठेवली. "ही द्या," म्हणाले.

दुकानदाराने दोन गोष्टी सांगितल्या. खिळे उपटायला वेगळी छोटी पहार ठेवा, हातोडीने उपटलं की दांडा मानेशी मोडतो. आणि पाण्यात भिजवत जाऊ नका. लाकूड फुगतं, वाळलं की आकसतं, दर खेपेला आणखी ढिलं होतं. जवसाचं तेल चोळा. एवढी वर्षं मी मनोभावे बादली भरत आले, आणि चुकलं ते नेमकं भिजवण्यात. आमच्या गावाकडे जवसाची चटणी करतात, आता इथे हातोडीला तेल आहे आणि चटणीला जवस नाही.

घरी आल्यावर मी दांड्याच्या शेवटच्या भोकातून परकराची नवी पांढरी नाडी ओवली. मनगटात अडकवायला. ते म्हणाले, "साइटवर हसतील लोक."

"हसू देत. खालची बाई तर जिवंत राहील."

ठेकेदाराला हाताचं सांगितलं म्हणतात. खालीच बसून खांबांचे साचे जोडतो, वर चढत नाही, असं म्हणतात. मी रोज पाचपासून जिन्यातला पायरव ऐकत असते. ते आले की पिशवी मी घेते, हातोडी बाहेर काढते आणि आधी नाडी बघते. तीन आठवडे झाले. दांडा हाताच्या घामाने काळपट पडलाय. नाडी आणली तशी पांढरी आहे.

म्हणजे ते बांधत नाहीत. खालीच बसतात म्हणून बांधत नाहीत, की वर चढतात आणि हसतील म्हणून बांधत नाहीत, ते मला कळायला मार्ग नाही. विचारलं तर म्हणतात, "तू काय पोलीस आहेस?" डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "दांडा तेलाने सुधारला, हातही सुधारेल." परवा मात्र भाकरी मोडता येईना, तेव्हा स्वतःच म्हणाले, "पोरगी आली की तिला दाखवतो." तुझं नाव काढलं त्यांनी. माझं ऐकत नाहीत, तुझ्यापुढे हात करतील.

तर तू ये. परीक्षा झाली की बघू, असं नको. रविवारी ते घरी असतात, हातोडीला तेल चोळत बसलेले असतात, हात आपोआप समोर असतो. एका रविवारपुरती ये, पण लवकर ये. आणि येताना तिकडून चटणीला थोडे जवस आण.