मास्तरमशायांची चेष्टा

कलकत्त्यातली माझी पहिली नोकरी एका शब्दापायी हातची गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी दुसऱ्या एका शब्दाचं सांगते. आम्ही बालीगंजला नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकीमा आईला म्हणाल्या, "आपनार मेये खूब चेष्टा कोरे." मोठ्या माणसांची चेष्टा करतेस म्हणून आईने मला त्यांच्यासमोरच झापलं. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि काकीमा तर आईपाशी तिच्या मुलीचं कौतुक करत होत्या, हे कळेपर्यंत मी फुकटची बोलणी खाऊन बसले होते.

माझं कॉलेज संपलं आणि वडिलांची बदली जबलपूरला ठरली. मला कलकत्ता सोडायचं नव्हतं. वडील म्हणाले, "नोकरी मिळव आणि बायकांच्या हॉस्टेलात राहा. नाही मिळाली तर निमूट आमच्याबरोबर चल." तागाची पोती अर्जेंटिनाला पाठवणाऱ्या एका कंपनीला स्पॅनिश येणारी टायपिस्ट हवी होती. म्हणून मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे, सगळे त्यांना मास्तरमशाय म्हणत, स्पॅनिश शिकायला जायला लागले.

ते पूर्वी बोटीवर कारकून होते. इंग्रजी येतं ना, मग निम्मं स्पॅनिश आलंच, ही त्यांची शिकवण. नेशनचं नासिओन, युनिव्हर्सिटीचं उनिबेर्सिदाद. ट्राममधून दिसेल त्या इंग्रजी पाटीला मी स्पॅनिश शेपूट लावत सुटले. पण काकीमांची चेष्टा विसरले नव्हते, म्हणून एकदा विचारलं, "दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे, असे शब्द नाहीत का यात?"

"नाहीत," ते पान चघळत म्हणाले. "शंका काढत बसलीस तर शिकणार कधी?"

तेव्हा ऑफिसांतून गोरे साहेब अजून होते. मुलाखतीत अशाच एका साहेबाने गिऱ्हाईकाच्या पत्रातलं एक स्पॅनिश वाक्य वाचून दाखवलं आणि अर्थ विचारला. 'प्रेतेंदेमोस', मग विकत घेणं, मग पोती. प्रिटेंड मला चांगलंच ठाऊक होतं. मी ठणकावून सांगितलं, "गिऱ्हाईक पोती घ्यायचं नुसतं नाटक करतंय."

साहेब खो खो हसला. मग टेबलाभोवतीचे सगळेच हसले. "घ्यायचा प्रयत्न करताहेत, मिस," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या मुलीला आत बोलावलं.

मी तडक मास्तरमशायांकडे गेले. त्यांना तो शब्द ठाऊक होता. असे आणखी कितीतरी ठाऊक होते. "आधीच सांगितलं असतं तर तू घाबरून पळाली असतीस," म्हणे. मी पळाले असते की नाही, हे ठरवणारे हे कोण? मला आता जबलपूरच्या गाडीत बसावं लागणार होतं आणि हे आरामात सुपारी कातरत होते. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलले.

"राग कोरो ना, मा," ते नरमून म्हणाले. "आमि तो चेष्टाइ कोरेछि."

त्यांचं बोलणं मला कळलं बंगालीत, पण पटलं मराठीत. घरी आले तेव्हा आई ट्रंका भरत होती. तिने काही विचारायच्या आत मी माझी ट्रंक पुढे ओढली.